मामांच्या जीपचे पाटे

माझे सासरे माझ्याशी पहिल्यांदा थेट बोलले तेव्हा माझी मुलगी चौथीत होती आणि जीप मी चालवत होते. त्याआधी आमचं बोलणंच नव्हतं असं कुणी समजू नये. भरपूर होतं. पण ते सगळं जीपमार्फत.

माझं माहेर जुन्नरचं, ऐन बाजारपेठेतलं. आमच्या घरी जेवताना सगळे एकदम बोलायचे आणि कुणीच कुणाचं ऐकायचं नाही. तिथून मी लग्न होऊन आले ती आंबेगाव तालुक्यात, पारगावच्या अलीकडच्या एका वाडीत. आजेसासऱ्यांपर्यंत या घरात मेंढरं होती. पुढं विहीर झाली, बागायत झाली, मेंढरं गेली. घोंगड्या मात्र राहिल्या आणि रीत राहिली. सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. त्यांनीही सुनेशी बोलायचं नाही. सासऱ्यांना 'मामा' म्हणायचं, पण त्यांना नव्हे, दुसऱ्या कुणाला तरी. 'मामा जेवायचे राहिलेत' असं सासूबाईंना सांगायचं, मामा दोन हातांवर बसलेले असले तरी. मला आधी हसू आलं, मग राग आला. एका चुलीवरचं खायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं, हे काही माझ्या पचनी पडेना.

मामा मुळातच कमी बोलणारे. लहानपण मेंढरांमागं गेलेलं, त्यामुळं बोलायचंच झालं तर जनावरांशी बोलायचे. मेंढरं गेल्यावर ते बोलणं जीपच्या वाट्याला आलं. लिलावात घेतलेली जुनी डिझेलची जीप, मंचरच्या बाजारात कांदा-बटाटा न्यायला. पोती जास्त बसावीत म्हणून त्यांनी मागच्या चाकांवर जादा पाटे घालून घेतले होते. ज्यांनी जीपखाली कधी वाकून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चाकाजवळ लोखंडी पट्ट्या एकाखाली एक रचलेल्या असतात, वरची लांब, खालच्या आखूड होत गेलेल्या. ते पाटे. चाक खड्ड्यात गेलं की ते लवतात आणि हादरा आपल्या अंगावर घेतात. पाटे जास्त असले की ओझं पेलतं, पण मग ते लवत नाहीत, आणि रिकाम्या गाडीत बसलेल्या माणसाची हाडं खिळखिळी होतात. आमची जीप पोत्यांनी भरली की शहाण्यासारखी चालायची आणि माणसं घेऊन निघाली की उधळायची.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस राहिले. तिसऱ्या महिन्यात माहेरी एक लग्न होतं, तिथं मी जीपमधून जाऊन आले, आणि आठवड्याभरात सगळं संपलं. मंचरच्या दवाखान्यातून मला घरी आणलं तेही त्याच जीपमधून. मामा चालवत होते, सासूबाई माझ्या शेजारी होत्या. गाडी सुरू झाली की सासूबाईंना झोप लागायची, तशी त्या दिवशीही लागली. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची पार वाट लावलेली. एकेका खड्ड्याला पोटात कळ यायची. सासऱ्यांसमोर कण्हायचं कसं, म्हणून मी पदराचा बोळा दातात धरून बसले होते. घर येईपर्यंत मी तोंडातून आवाज काढला नाही.

पुढच्या खेपेला जीपमध्ये बसले तर मामांसमोरचा आरसा छताकडं फिरवलेला. मागचं काही दिसूच नये असा. वाडीतल्या बायका एव्हाना उघड म्हणायला लागल्या होत्या, की जीपच्या हादऱ्यांनी पोरीचं पोट सांडलं. ते मामांच्या कानावर गेल्याशिवाय कसं राहील? मी समजले, त्यांना आता माझं तोंड बघवत नाही. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. दुःख माझं, आणि तोंड लपवत होते हे.

वर्षभरानं मला पुन्हा दिवस राहिले. या वेळी डॉक्टरीणबाईंना मी पहिलाच प्रश्न तो विचारला. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, गाडीच्या हादऱ्यानं असं काही होत नसतं. जे टिकायचं नसतं ते अंथरुणावर पडून राहिलं तरी टिकत नाही. दर महिन्याला तपासायला ये म्हणजे झालं." माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. लगेच मनात आलं, हे मामांना कळायला हवं. पण सांगणार कोण? सासूबाईंना म्हटलं तर त्यांनी कानावर हात ठेवले. "असलं काय बापयमाणसाला सांगत्यात व्हय? कायतरीच तुझं!" नवरा भोसरीला कंपनीत होता, गुरुवारच्या सुट्टीला यायचा. त्याला सांगितलं तर म्हणाला, "बघतो." बापलेकाचं बोलणं मोटारीच्या वेळा आणि पाण्याच्या पाळीपलीकडं कधी गेलेलं मी पाहिलं नव्हतं. तो बघतच राहिला.

आणि इकडं मामांनी खळ्यात जीप उभी करून चाक काढलं.

पोतं अंथरून ते खाली शिरले. जीपखाली जॅक, जॅकच्या भरवशावर राहायचं नाही म्हणून बाभळीचे ठोकळे. गंजलेल्या बोल्टांना आदल्या दिवशीच घासलेट पाजून ठेवलेलं. मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. खालून आवाज आला, "सतरा-एकोणीसचा पाना कुठं गेला म्हणायचा गं?"

हे ते जीपला विचारत होते. पाना माझ्या पायाशी पडला होता. मी इकडंतिकडं पाहिलं, उठले, पाना पायानं सरकवत जीपपर्यंत नेला आणि परत येऊन शेंगा फोडायला लागले. खालून एक काळा हात बाहेर आला, पाना आत गेला. थोड्या वेळानं पुन्हा जीपला विचारणा झाली, "हातोडा घावंल का?" त्या दिवशी मी शेंगा कमी फोडल्या आणि अवजारं जास्त सरकवली. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंचे खालचे जाडे पाटे निघून भिंतीला टेकले. राहिलेल्यांचा गंज खरवडून मामांनी मध्ये जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घातल्या, कुरकुर होऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवघराजवळची पितळी कळशी उचलली. काठोकाठ भरली, मागच्या बाकावर घोंगडी घडी करून पसरली, त्यावर फडक्याची गोल चुंबळ ठेवली आणि चुंबळीवर कळशी. मी जिथं बसायचे नेमक्या त्या जागी. आणि निघाले जीप घेऊन मंचरच्या रस्त्याला. परत आले ते घोंगडी भिजवून. कळशीत निम्मं पाणी.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "जीपला पाणी पाजायला नेलं व्हतं का?"

मामांनी चाक पुन्हा काढलं.

हे असं किती दिवस चाललं देव जाणे. पाटा काढायचा, कळशी भरायची, फेरी मारायची, परत येऊन आत डोकावायचं. वाडीला तर आयती करमणूक झाली. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवाल्यानं त्यांना थांबवून विचारलं म्हणे, "काय राव, कळशीला कुठं मंचर दाखवायला चाललात? पावणं बघायला येणार हायेत का तिला?" मला हसू यायचं, पण ते टिकायचं नाही. हा माणूस एका न केलेल्या गुन्ह्याची भरपाई करत होता, आणि तो गुन्हा झालाच नव्हता हे सांगणारं वाक्य माझ्याकडं तयार होतं. फक्त ते त्यांना सांगायला घरात तोंड नव्हतं.

शेवटी मामांनी हौसेनं आणखी एक पाटा काढला, आणि तो जरा जास्तच झाला. कळशीतलं पाणी हललंही नाही. पण कळशीचं वजन ते किती! तपासणीच्या दिवशी मी, सासूबाई आणि सासूबाईंच्या भाचीसाठी घेतलेलं बटाट्याचं पोतं असे मागं बसलो आणि जीपचं बूड खाली टेकायला आलं. ओढ्यापर्यंत पाळण्यात बसल्यासारखं वाटत होतं. ओढ्यावरच्या ठेंगण्या फरशीच्या पुलावर चढताना खालून असा काही खरडल्याचा आवाज आला, की सासूबाई झोपेतून ओरडल्या. सायलेन्सरचा पाइप फरशीला लागून फाटला होता. पुढं मंचर येईपर्यंत जीप बंबासारखी गरजत गेली, आणि तळाच्या भोकांतून धूर आमच्या नाकात. मला कोरड्या उलट्या सुरू झाल्या. मी ओरडणार तरी कशी? मी पत्र्यावर मूठ आपटली. मामांनी गचकन ब्रेक मारला. मी मागून उतरून रस्त्याच्या कडेला वाकले. ते पाठ करून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

घरी आल्यावर मामांनी पहिल्यांदा एक पाटा परत चढवला. मग सायलेन्सर घेतला. तेलाचा रिकामा डबा कापून त्याचा पत्रा करायचा होता. पत्र्याची कात्री बोथट, मामांचे हात थकलेले, पत्रा वाकडातिकडा जायला लागला. मला राहवेना. माहेरी आम्ही डब्यांचे रॉकेलचे दिवे नि चाळण्या करायचो, पत्रा कापायची मला सवय होती. ते पाणी प्यायला गेले तेवढ्यात मी डबा घेतला आणि सरळ पट्टी कापून कडा ठोकून ठेवली. आल्यावर त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. मग जीपच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "लई झ्याक कापलंय. बाजारात कुणाला यायचं न्हाई असं."

त्या शाबासकीनं मी दिवसभर हवेत होते. माहेरी कुणी माझं असं कौतुक केलं नव्हतं.

फाटलेल्या जागेवर जाळाला टिकणारी दोरी गुंडाळून त्यांनी तो पत्रा घट्ट बसवला, वर तारेचे वेढे दिले. पाइप वर टांगून राहावा म्हणून जुन्या टायरच्या पट्ट्या कापून लावल्या. तळाची भोकं बुजवली. मग जीप सुरू करून ते स्वतः मागच्या बाकावर, माझ्या जागी, दार लावून बसून राहिले. धूर येतोय का ते बघायला. बराच वेळ बसले. नंतर उतरून जीपसमोर उभे राहिले आणि तिला बजावलं, "हे बघ. मागनं एकदा वाजलं तर हळू व्हायचं. दोनदा वाजलं तर थांबायचं. इसरायचं न्हाई. कळलं का?"

मी ओट्यावरून मान हलवली.

तेव्हापासून आमची भाषा झाली. एकदा ठोकलं की जीप हळू, दोनदा ठोकलं की थांबायची. नववा महिना लागेपर्यंत मी त्या पत्र्यावर काय काय बोलले! कधी पाठ दुखली म्हणून, कधी मळमळलं म्हणून, आणि एकदा अवसरीच्या अलीकडं चिंचा दिसल्या म्हणून. त्या दिवशी मामांनी काही न विचारता खाली उतरून झाडाला दगड मारले. कळा सुरू झाल्या तेव्हा मात्र मी ठोकायचंही विसरले. पण त्या दिवशी जीप अशी गेली, की कळांखेरीज मला दुसरं काही जाणवलं नाही. मुलगी झाली. धडधाकट. मामांनी दवाखान्याच्या दारातूनच तिला पाहिलं, उपरण्यानं डोळे पुसले आणि जीपकडं निघून गेले.

पुढं कांद्याच्या दिवसांत पाटे परत चढायचे. पण मी माहेरी निघाले की आदल्या दिवशी खळ्यात जॅक लागलेला असायचा. मी एकटी जाणार असले तरी. नातीच्या वेळची सवय लागली, असं सगळे म्हणायचे. मीही तेच म्हणायचे. नात बोलायला लागल्यावर आमचा निरोप्या तीच झाली. 'आजोबा म्हनले, चहा द्या.' पत्र्यावर ठोकायची पाळी आता क्वचित यायची. आरसा मात्र छताकडंच राहिला.

जीप चालवायला मला नवऱ्यानं शिकवलं, गुरुवारच्या गुरुवार. मामा बांधावर उभे राहून जीपला सांगायचे, "किलच हळू सोडत्यात. बेडकावानी उडी मारू नगं." मी आतून हसायचे आणि क्लच हळू सोडायचे. शिकल्यावर आरसा मी सरळ केला.

मग मामा पडले. विहिरीच्या पायरीवर पाय घसरला आणि खुबा मोडला. नारायणगावला ऑपरेशन झालं. घरी न्यायचा दिवस आला तेव्हा त्यांनी नातीकरवी निरोप धाडला, की आपल्याच जीपमधून जायचं. नवरा वैतागला, या वयात हट्ट कसला म्हणून. मी त्याला म्हटलं, जॅक काढ.

मामांशिवाय पहिल्यांदा आम्ही ते पाटे उतरवले. नवरा जीपखाली, मी पाने देणारी, या वेळी हातात. नेमके किती काढायचे ते मला तोंडपाठ होतं. मग मी कळशी भरली, घोंगडी घातली, चुंबळ ठेवली आणि जीप घेऊन निघाले. फाट्यावरचा टपरीवाला आता म्हातारा झाला होता. त्यानं कळशी पाहिली, मला पाहिलं आणि हात वर केला. परत आले तेव्हा घोंगडी कोरडी होती.

मामांना मागं आडवं निजवलं. त्यांच्या उशाशी सासूबाई बसल्या आणि जीप पेठच्या रस्त्याला लागायच्या आधीच पेंगायला लागल्या. नवरा मोटरसायकलवर पुढं गेला, उचलायला माणसं जमवायला. मी जितकं हळू चालवता येईल तितकं चालवत होते. पण हाडाचं दुखणं ते. पाटे काढले तरी रस्ता काही गुळगुळीत होत नाही. आरशात पाहिलं, तर मामांनी डोळे मिटलेले आणि उपरण्याचं टोक दातात धरलेलं. सुनेसमोर कण्हायचं कसं, म्हणून.

ओढ्याशी आलो तेव्हा मागून दोनदा वाजलं. मी थांबले आणि इंजिन बंद केलं.

"जरा दम घे गं," मामा छताकडं बघत जीपला म्हणाले.

सासूबाई घोरत होत्या. ओढ्याला थोडं पाणी होतं, त्याचा आवाज येत होता. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं वाक्य आत्ता नाही सांगितलं तर ते तसंच राहून जाईल, असं मला वाटलं. पदर नीट केला, मागं वळले आणि म्हणाले, "मामा, तुमाला एक सांगायचं हाय. पहिल्या खेपेला जे झालं ते जीपमुळं न्हवतं झालं. डॉक्टरीणबाईनी सांगितलं व्हतं मला. तुमी उगीच मनाला लावून घेतलं."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. माझ्याशी. "तुला घरी आणलं त्याच दिशी इचारलं व्हतं म्या डाक्टरीनबाईला. जीपचा काय संबंध न्हाई म्हणली."

मी विचारलं, "मग पाटं कशापायी काढलं वो? ती कळशी कशापायी?"

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "येताना आरशात दिसलीस. पदर तोंडात धरला व्हतास. तुला हादरं बसत व्हतं गं, पोरी." पुढं म्हणाले, "आरसा फिरवला. म्हणलं, म्या बघत नसलो, तर रडायचं आसंल ती रडंल तरी."

मी पुढं तोंड केलं. मला समोरचं काही दिसेना. बाळासाठी नव्हतं, पापासाठी नव्हतं, लोकांसाठी तर नव्हतंच. मला दुखत होतं आणि ते त्यांनी पाहिलं होतं, एवढंच होतं ते. इतकी वर्षं मी त्यांची कीव करत आले होते.

पदरानं डोळे पुसले. किल्ली फिरवायच्या आधी हात वर केला आणि आरसा छताकडं फिरवला. मग पहिला गिअर टाकला आणि क्लच हळू सोडला. फरशीवर चढताना मागून मामा कण्हले, चांगले मोठ्यानं.